फ्रीजला कुलूप

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक, ठीक नाही तो फ्रीज. वरच्या खणात इतका बर्फ साचतो की ट्रे हिसके देऊन काढावा लागतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, मला मेकॅनिकची गरज नाही. दार उघडं राहतं, दमट हवा आत शिरते, तिचा बर्फ होतो. आणि दार उघडं कोण ठेवतं? आई. दिवसभर तिची उघडझाक चालूच. सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी कालपासून फ्रीजला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात असते.

मेव्हण्यांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ

९ मार्च

चि. शास्त्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

तू तोडलेले अकलेचे तारे वाचून हे पोट धरून हसले. फ्रीजला कुलूप! शेजारीपाजारी काय म्हणतील, याची तरी चाड ठेव. अरे, आधी दाराचं रबर बघायचं असतं. दारात कागद धरून दार लाव. कागद अलगद निघाला तर रबर गेलं. बर्फात सुरी खुपसू नकोस, आतली नळी फुटेल. फ्रीज बंद करून दार उघडं टाक, आपोआप वितळेल. आणि ते तुझे टॉर्चचे सेल! थंडीत जास्त टिकतात म्हणून डबाभर सेल दाराच्या कप्प्यात कोंबणारा जगात तू एकटाच. तो डबा आतल्या फळीला अडतो का, तेवढं बघ. जमेल ना प्रोफेसरांना?

आईला नमस्कार. राग गिळ, लोभ ठेव.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रबर ठणठणीत आहे. डबा अडत होता खरा, बोटभर. डबा बनवणाऱ्याला अक्कल नको? तो काढल्यापासून बर्फ नाही. कुलूपही काढलं. आईला तसं सांगितलं, तर ती आपली साड्यांच्या घड्या घालत बसली. म्हातारपण, दुसरं काय!

लोभ आहे तसाच असू दे.

तुझा भाऊ

२० मार्च

चि. ताई आणि चि. शास्त्रज्ञ यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोघांना एकच मजकूर पाठवते आहे. ताईची पत्रं टेबलावर उघडी पडलेली असत. आणि बाळ, तुझी तर तू न चिकटवता माझ्याच हातात देत होतास, पेटीत टाकायला.

साखरेच्या आजाराची गोळी घेतली की थोड्या वेळाने मला पोटात काहीतरी घालावं लागतं, नाहीतर हातपाय कापतात. दूध, फळं, उरलंसुरलं सगळं फ्रीजमध्येच, म्हणून मी दार उघडत होते, आणि नीट लावतही होते. कुलूप लागल्यावर दोन दुपारी भोवळ येऊन पडले. तू कॉलेजात होतास. शेजारणीने उठवून दूध पाजलं. शेजारी काय म्हणतात ते ताईला कळावं म्हणून लिहिते: त्या म्हणाल्या, रोज आमच्याकडेच या.

तुम्ही दोघं शिकलेसवरलेले. रबराची चौकशी केलीत, डब्याची केलीत, नळीचीही काळजी केलीत. आई काय खाते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कीव येते तुमची.

मी तुमच्या मावशीकडे राहायला आले आहे. न्यायला कोणी येऊ नये. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मला तुमच्याकडून नको.

आई