माझं फडकं कुणी लावू नये

मी, हात्सुए कुरोइवा, कै. योशिमित्सु कुरोइवा यांची पत्नी, वय वर्षं ब्याऐंशी, राहणार कामेझाका वसाहत, इमारत सात, तिसरा जिना, चौथा मजला, किताक्युशु, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. डोळे गेल्या वर्षी नवे करून घेतलेत. मला कुणी भुलवलेलं नाही की धमकावलेलं नाही. या वयात मला धमकावून कुणाच्या हाती काय लागणार! स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, असं वकिलानं सांगितलं. मला लागतात. पहिला साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. का, ते वाचता वाचता त्याला कळेल.

कलम १. राहतं घर माझं नाही, महापालिकेचं आहे. मी गेल्यावर ते रिकामं करून परत द्यावं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या रेघा आहेत, त्या पुसल्या तरी माझी हरकत नाही.

कलम २. पोस्टात जे काही शिल्लक असेल ते माझा मुलगा तेत्सुरो, राहणार नागोया, याला मिळावं. त्यातून माझं दहन करावं आणि अस्थी त्याच्या वडिलांशेजारी ठेवाव्यात. तेत्सुरो, रडू आलं तर घरात रड. समितीच्या सभागृहात रडू नकोस, तिथे आधी चपला नीट लावायला सांगतात.

कलम ३. शिलाई मशीन. या मशीनवर मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, आणि म्हातारपणी वसाहतीची पिवळी फडकी. वसाहतीत आता सगळे आमच्याच वयाचे. मुलं परगावी, जिन्याला लिफ्ट नाही, वसाहतीचा कारभार आम्हीच समित्या करून हाकतो. जिन्यातले दिवे, गवत कापणं, कावळे येऊ नयेत म्हणून कचऱ्यावर जाळी टाकणं, हे देखभाल समितीचं. माणसं जिवंत आहेत का ते बघणं सुरक्षा समितीचं. दोन्हींचे अध्यक्ष ओनिझुकासाहेब. हे पूर्वी कारखान्यात विभागप्रमुख होते आणि अजून तिथून बाहेर पडलेले नाहीत. माझ्या जाळायच्या कचऱ्यात बाटलीचं एक झाकण सापडलं म्हणून अख्खी पिशवी त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली होती. ते मी विसरलेले नाही.

फडक्याची रीत अशी. सकाळी उठलं की दाराच्या मुठीला पिवळं फडकं बांधायचं, संध्याकाळी सोडून आत न्यायचं. ज्याची पाळी असेल तो सकाळी जिना चढून बघणार. फडकं नसेल तर बेल वाजवणार. कल्पना चांगली होती, आजही म्हणते. पण पुढे ओनिझुकासाहेबांनी विसरणाऱ्यांची नावं मासिक सभेत वाचून दाखवायला सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाला मरणापेक्षा सभेत नाव घेतलं जाण्याची धास्ती जास्त. मग शेजारी शेजाऱ्याचं फडकं बांधू लागला. माया म्हणूनच. सभेत नाव येईना, साहेब खूश, आणि "येथे एकही व्यक्ती एकाकी मरण पावत नाही" असं प्रशस्तिपत्र सभागृहात लागलं.

मशीन ज्याला हवं त्याला द्यावं. समितीला देऊ नये, ते पुन्हा फडकी शिवतील.

कलम ४. एक ॲल्युमिनियमचं न्हाणीतलं भांडं, कड चेपलेली. ते माझ्या मैत्रिणीचं, चिझुको मियाझोनो हिचं. समोरच्या दारात राहायची. तीस वर्षांहून जास्त आमची दारं एकमेकींकडे तोंड करून होती. तिच्या भाचीनं आठवण म्हणून काय हवं विचारलं, तेव्हा मी हे मागितलं. ती म्हणाली, "मावशी, किमोनो घ्या ना, हे काय घेता?" मी म्हटलं, "हेच दे."

झालं ते लिहिते. मी मोतीबिंदूसाठी रुग्णालयात होते. चिझुको न्हाणीत घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. फोन बाहेरच्या खोलीत. तिनं हाताला आलेलं भांडं घेतलं आणि पाण्याच्या नळीवर ठोकत राहिली. किती वेळ ठोकलं ते कड बघून समजतं.

ती ठोकठोक खालच्या मजल्यावर ताकेओ नोगामींना ऐकू आली. नोगामी म्हणजे निवृत्त बसचालक, नियमाचा माणूस. नळीचा आवाज म्हणजे देखभाल समिती, म्हणून त्यांनी रीतसर कळवलं. ओनिझुकासाहेबांनी फलकावर सूचना लावली: "तिसऱ्या जिन्यातील नळ वाजत आहेत. विषय पुढील सभेत घेण्यात येईल. रहिवाशांनी सहकार्य करावे." रहिवाशांनी सहकार्य केलं. काही काळानं नळ वाजायचे थांबले, आणि सूचना काढून टाकली गेली.

आणि चिझुकोचं फडकं? ते रोज सकाळी दारावर होतं. तिचे गुडघे धरायचे, मुठीशी वाकवत नव्हतं. तिनंच नोगामींना सांगून ठेवलं होतं, "तुम्ही पाळीला वर येताच ना, माझं पण बांधत जा की." फडकं बाहेरच, मीटरच्या कपाटात ठेवलेलं असे. नोगामी पाळी नसली तरी रोज सकाळी बांधायचे, संध्याकाळी सोडायचे. ओनिझुकासाहेबांना हे ठाऊक होतं. माझ्यादेखत ते म्हणाले होते, "कुणी का बांधेना, दिसलं म्हणजे झालं!" डोक्यावर ठोकठोक ऐकताना नोगामींना शंका का आली नाही? कारण फडकं दिसत होतं.

मी परत येईपर्यंत तिला कुणीच पाहिलं नाही. मी घरी येऊन बेल वाजवली, मग समितीच्या किल्लीनं दार उघडवलं. काय दिसलं ते मी लिहिणार नाही. तेत्सुरो, तूही कुणाला विचारू नकोस.

समितीच्या दप्तरी ती सापडली त्या दिवशी गेली अशी नोंद आहे, कारण आदल्या दिवसापर्यंत फडकं होतं. त्यामुळे प्रशस्तिपत्र खरं ठरलं, आणि ते अजून भिंतीवर आहे. तर माझी इच्छा अशी की हे भांडं सभागृहात त्या प्रशस्तिपत्राच्या खालच्या खिळ्याला टांगावं. कुणी काढू नये. चेपलेली कड भिंतीकडे नव्हे, माणसांकडे यावी.

कलम ५. नोगामींबद्दल. त्या महिन्याच्या सभेत ओनिझुकासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "एका सभासदाच्या बेजबाबदार वागण्यानं वसाहतीची मान खाली गेली." नाव घेतलं नाही. सगळ्यांनी मात्र मान वळवून नोगामींकडे पाहिलं. नोगामी उठले, कमरेत वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. त्यांना कुणी "बसा" म्हटलं नाही. मला तिथं पोचायला उशीर झाला, हे सगळं मागाहून कळलं, नाहीतर मीच म्हटलं असतं, आणि साहेबांना आणखी चार शब्द सुनावले असते.

त्यानंतर नोगामी ना गवत कापायला आले, ना कचऱ्याला. पूर्वी शिजवलेल्या मुळ्याचं पातेलं घेऊन जिना चढायचे, तेही बंद. त्यांचं फडकं आता रात्रंदिवस बाहेर असतं. पावसात भिजतं, तिथेच वाळतं, रंग उडून पांढुरकं झालंय. समितीचं म्हणणं, फडकं आहे ना, मग ठीक. म्हणजे बेल कुणी वाजवत नाही. नोगामींना तेच हवंय.

मी वाजवते. आतून आवाज येतो, "जिवंत आहे, कुरोइवाबाई."

"दार उघडा."

"कशाला? फडकं आहे की."

"फडक्याशी नाही, तुमच्याशी बोलायचंय."

"बाई, माझ्या डोक्यावर अजून ठोकतंय. तुम्ही जा."

मी जिन्यात उभी राहून रडले आहे, हे या कागदावर येऊ दे. एक बाई आम्ही घालवली. हा माणूस आमच्या डोळ्यांसमोर, फडक्याआड, घालवत आहोत. मला तो जायला नको आहे. या अख्ख्या मृत्युपत्रात माझी खरी इच्छा एवढीच आहे.

कलम ६. माझं फडकं माझ्याशिवाय कुणीही बांधू नये, सोडू नये. दयेनं नाही, शेजारधर्मानं नाही. ते सकाळी दिसलं नाही तर माझं नाव सभेत खुशाल वाचा.

माझ्या दाराची दुसरी किल्ली ताकेओ नोगामी यांना द्यावी. समितीला नाही, मुलाला नाही, त्यांनाच. माझं दार उघडायचा हक्क त्यांचा. बेल वाजवावी, हाक मारावी, उत्तर आलं नाही तर आत यावं. दुसऱ्या कुणावर माझा एवढा विश्वास नाही. तो माणूस आता कुठलाही आवाज नळाचा समजणार नाही.

इथवर लिहिलं आणि माझीच मला चीड आली. मृत्युपत्र उघडणार मी मेल्यावर. तेव्हा मिळालेली किल्ली काय कामाची? म्हणून आज दुपारीच किल्ली आणि सहावं कलम दुसऱ्या कागदावर उतरवून त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. ओरडून सांगितलं, "अहो नोगामी, उद्यापासून मला उठवायची पाळी तुमची!" आतून काहीच उत्तर आलं नाही. "जिवंत आहे" सुद्धा नाही.

कलम ७. साक्षीदार. संध्याकाळी ओनिझुकासाहेब आणि भाजीवाल्या कुझेबाई आल्या. साहेबांना मी सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. चौथ्या कलमापाशी ते थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, हे कलम गाळता नाही येणार?"

"येईल की. तुमच्या मृत्युपत्रातून गाळा."

मग त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. कुझेबाई तेवढ्यात म्हणाल्या, "अहो, येताना बघितलं मी, नोगामींचं फडकं आज दारावर नाहीये."

साहेबांना हायसं वाटलं. "बघा! आत नेलं म्हणजे सगळं ठीक आहे."

"कुणी नेलं?" मी विचारलं. "तुम्ही सोडलंत?"

"नाही."

"कुझेबाई, तुम्ही?"

"छे!"

"मग त्यांनी नेलं, की वाऱ्यानं, की कुणा मायाळू माणसानं?"

फडकं काय सांगतं ते या वसाहतीत आता कुणालाच कळत नाही. म्हणून सही झाल्याबरोबर मी खाली जाऊन बेल वाजवणार आहे, आणि ओनिझुकासाहेब समितीची किल्ली घेऊन माझ्यासोबत येणार आहेत. ते "हो" म्हणाले आहेत. तेही इथे लिहून ठेवते.

वरील सर्व मी वाचलं, ते माझंच आहे.

हात्सुए कुरोइवा (सही व शिक्का)

साक्षीदार १: मासाहारु ओनिझुका (सही, शिक्का दोनदा उमटला आहे)
साक्षीदार २: फुमिए कुझे (सही व शिक्का)

स्थळ: कामेझाका वसाहत, इमारत सात, तिसरा जिना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३, संध्याकाळी, बेल वाजवायच्या आधी