अर्पणपत्रिकेचं पान

८ फेब्रुवारी

गेला तो गेला, जाताना बर्फाचं फावडंही घेऊन गेला! सकाळी दार उघडलं तर पायऱ्या गायब. शेवटी पाव भाजायचा मोठा ट्रे घेतला आणि त्यानेच वाट केली. तेवढ्यात समोरून लेम्पी आली. धाकटी बहीण आहे, पण बोलते सासूसारखी. "तीस वर्षं रस्त्यांचा बर्फ काढणाऱ्याशी संसार केलास, आणि घरात एक फावडं नाही? कमाल आहे बाई!"

हसले. मग आत येऊन, बूटही न काढता, रडले.

आर्विडला घर सोडून डार्लाकडे जाऊन साडेतीन आठवडे झाले. कौंटीच्या रस्ते ऑफिसात रेडिओवर बसते ती डार्ला. तो बर्फ ढकलायच्या नांगरगाडीवर असताना दिवसभर हिचा आवाज कानात. म्हणाला, "ती मला विचारते, आर्विड, कुठे आहेस? तू कधी विचारलंस? तू सदानकदा तुझ्या त्या खोट्या माणसांत."

खोटी माणसं म्हणजे माझ्या प्रेमाच्या कादंबऱ्यांतले नायक. त्याला त्यांचा राग येत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

व्हर्नाचा फोन. तेराव्या पुस्तकाची प्रुफं एक-दोन दिवसांत पोस्टात टाकते म्हणाली. टिन थिंबल प्रेस म्हणजे काय, तर व्हर्ना, तिचं विस्कॉन्सिनमधलं गॅरेज आणि एक म्हातारा कुत्रा. अकरा वर्षं माझी पुस्तकं तीच छापतेय. एवढ्या काळात आम्ही भेटलो मोजून दोनदा, पण माझ्या गुडघ्याचं दुखणं लेम्पीआधी तिला कळतं.

"आर्विड कसा आहे?" असं तिने नेहमीप्रमाणे विचारलं. सांगून टाकलं.  ती म्हणाली, "मेला." एवढंच. बरं वाटलं!

१७ फेब्रुवारी

प्रुफं आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसले. प्रत्येक पान वाचून झालं की खाली कोपऱ्यात बरोबरची छोटी खूण — पहिल्या पुस्तकापासूनची सवय. व्हर्ना आधीच हिरव्या पेन्सिलीने समासात शंका काढून ठेवते. पटलं तर बदलायचं. नाही पटलं तर त्या शब्दांखाली ठिपके द्यायचे, म्हणजे 'राहू दे, आहे तसंच.' कधीकधी एका विशेषणावरून आमची दोन दोन दिवस झटापट चालते.

सोळाव्या प्रकरणाशी अडकले. दोघांची ताटातूट होते ते प्रकरण. पाऊण पुस्तक झालं की ताटातूट व्हायलाच हवी आणि शेवटी त्याने परत यायलाच हवं. हा आमच्या वाचकांचा कायदा आहे, मोडलात तर पुस्तक भिंतीवर आपटतात. हा नायक एकविसाव्यात परत येतो. ओव्हरकोटावर बर्फ, हातात टोपी. हे मी सप्टेंबरात लिहिलं होतं. आर्विड तेव्हा शेजारच्या खोलीत मासेमारीचे गळ साफ करत होता, शिट्टी वाजवत. अशी कशी मी? एवढी पुस्तकं लिहिली माणसं कशी तुटतात त्यावर, आणि घरातलं तुटत होतं ते ऐकूच आलं नाही!

२० फेब्रुवारी

प्रुफं पोस्टात टाकली. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं. एकही सुटलं नाही.

२ मार्च

सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवली. एकटीसाठी तापवायची म्हणजे लाकडांचा नुसता नास. तरी तापवली. टॉवेल दोन काढले.

१४ मार्च

आज एक गंमत झाली! सकाळी उठले तर गाडीची वाट लख्ख साफ. पत्रपेटीभोवती गोल वळसा घालून, पेटीला धक्का न लावता. असा वळसा अख्ख्या कौंटीत एकच माणूस घालतो. खिडकीत उभी राहून कॉफी प्याले. कुणाला सांगायचं नाही. लेम्पी वेड्यात काढेल.

१५ मार्च

आजही!

५ एप्रिल

पुस्तकं आली. चाळीस माझ्याकडे, बाकीची व्हर्नाच्या गॅरेजात. मुखपृष्ठावरचा बाप्या उघड्या छातीने बर्फात उभा आहे. लेम्पी म्हणाली, "न्यूमोनिया होईल की गं त्याला!" 'सेलेस्ट वॉरेनडेल' हे माझं टोपणनाव यावेळी सोनेरी छापलंय. हेल्मी कांगस नावाच्या बाईचं प्रेमाचं पुस्तक कोण घेणार, म्हणून सेलेस्ट.

पहिल्या पाच प्रती नेहमीच्या ठिकाणी पाठवल्या. लेम्पी, वाचनालय, चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका, सासूबाई वृद्धाश्रमात. आणि पाचवी आर्विडला. दरवेळी एक प्रत त्याची असते, आठवडाभर नांगरगाडीत काचेपाशी ठेवतो. सवय ती सवय. सही केली, रस्ते ऑफिसचा पत्ता घातला, टपालात टाकली.

६ एप्रिल

देवा रे! अर्पणपत्रिका!

आज सहज पुस्तक चाळत होते आणि ती समोर आली. ऑक्टोबरात लिहिलेली ती ओळ तशीच छापली गेलीय — 'आर्विडला. बाकी सगळे मनचे, तू तेवढा खरा.'

त्याचं जुनं गाऱ्हाणं होतं. "तुझ्या बहिणीला पुस्तक अर्पण केलंस, दातांच्या डॉक्टरला केलंस, मांजरालाही केलंस! माझा नंबर कधी गं?" म्हणून लग्नाच्या तिसाव्या वर्षी त्याला, न सांगता, अचानक द्यायचं ठरवलं होतं. तो गेल्यावर ती ओळ काढायची राहूनच गेली. सुरुवातीची पानं कोण बघतं! सगळ्यांचं लक्ष गोष्टीकडे.

व्हर्नाला फोन केला. माझा आवाज इतका चढला की मांजर पळालं. "अगं, तुझ्या नजरेस कशी नाही आली? तू प्रकाशक आहेस ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. 

"हो," ती म्हणाली. "राहून गेलं माझ्याकडून."

९ एप्रिल

आर्विडचा फोन आला! जानेवारीनंतर पहिल्यांदा. घंटा वाजली तेव्हा हात पिठात होते, तशीच धावले. "हेल्मी," एवढं म्हणाला, आणि मी खुर्ची ओढून बसले.

"पुस्तक मिळालं."

"बरं."

"हे काय लिहिलंयस?"

 वाटलं, आता म्हणेल, घरी येतो. अजून एक क्षण थांबावं, म्हणेल.

"अगं, डार्लाने उघडलं ते. ऑफिसात सगळ्यांसमोर. गाड्यांवरची पोरं मला 'खरा माणूस' म्हणून हाका मारतायत. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. असं नको करूस, हेल्मी. झालं ते झालं ना?"

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "चूक प्रेसची आहे. मी कळवलं होतं काढायला. त्या बाईच्या हातून राहिलं." फटकन तोंडातून निघून गेलं.

"असं होय," तो म्हणाला. केवढा सुटल्यासारखा आवाज! "मला वाटलं तू मुद्दाम..."

"छे! मी कशाला?"

मग मला राहवेना. म्हटलं, "आर्विड, वाट साफ करतोस त्याबद्दल..."

"कुठली वाट?"

"आपली. माझी."

"मी नाही गं. माझा रस्ता बदललाय फेब्रुवारीपासून. त्या बाजूला आता नवा माणूस आहे, मीच शिकवला त्याला. का? पेटी पाडली का त्याने?"

"नाही," म्हटलं. "चांगलं काढतो."

फोन ठेवला. काळ्या फोनवर पिठाची पाच बोटं उमटली होती.  पीठ ओट्यावर वाळून गेलं. तो येणार नाही. हे आज इथे लिहिलं, म्हणजे आता खरं झालं.

१० एप्रिल

व्हर्नाला सांगितलं आर्विड काय म्हणाला ते. मी काय म्हणाले, तेही सांगावं लागलं. चिडेल असं वाटलं होतं. "ठीक आहे," म्हणाली, "मी त्याला चार ओळी लिहिते. माफी मागते. प्रेसच्या कागदावर, म्हणजे त्या डार्लालाही दाखवता येईल." मग म्हणाली, "दुकानांत अजून एकही प्रत गेलेली नाही. शनिवारी येते सगळी खोकी घेऊन. पान कापून टाकू."

"सगळ्या प्रतींतून?"

"मग काय निम्म्यांतून? भरपूर कॉफी करून ठेव."

१६ एप्रिल

व्हर्ना आली. पाच तास गाडी चालवत, मागे खोकी, पुढे कुत्रा. बारीक झालीय. मिठी मारली तर नुसती हाडं लागली. मी नीसू, आमचा गोड पाव, भाजून ठेवला होता, वेलदोड्याचा वास घरभर. आल्या आल्या तिने त्याचे तीन तुकडे उभ्यानेच खाल्ले.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. पोलादी पट्टी, दोन पाती. पान मुळापासून कापायचं नाही, बोटभर पट्टी ठेवायची, नाहीतर पाठीचा गोंद सुटतो. ती पुस्तक उघडून दाबून धरणार, मी कापणार, असं ठरलं. पण झालं उलट. पहिलंच पान कापताना माझं पातं पट्टीवरून घसरलं, तसं तिने ते काढून घेतलं.

"तू धर. मी कापते."

'तू तेवढा खरा', 'तू तेवढा खरा', 'तू तेवढा खरा'. माझ्या पायाशी ढीग साठत गेला. कुत्रा त्यावरच झोपला.

दुपारी ती सहज म्हणाली, "आर्विडची प्रत कधी पाठवलीस?"

"पाच तारखेला."

"आणि हे लक्षात आलं सहाला."

"हो."

तिने पात्यावरचा गोंद अंगठ्याने पुसला. "नीसूत लोणी किती घालतेस गं?" असं विचारलं.

मग चौदाव्या पुस्तकाचं निघालं. म्हटलं, व्हर्ना, माझ्याने आता त्याला परत आणवत नाही. शेवटच्या प्रकरणात तिला दाराशी उभी करते आणि दार वाजतच नाही.

"मग नको आणूस त्याला."

"वाचक फेकून मारतील!"

"दार वाजायला हवं एवढंच वाचकांचं म्हणणं. तोच वाजवेल असं कुठे लिहिलंय? दुसऱ्या कुणाला वाजवू दे. पन्नाशीचा, जरा टक्कल असलेला. माझी हरकत नाही."

हसू आलं. किती दिवसांनी, आणि त्या ट्रेच्या सकाळसारखं रडण्यात न संपणारं.

उजेड होता तोवर निघाली. कापलेली पानं तिने खोक्यात भरून नेली. म्हणाली, "तुझ्या घरात नकोत." जाताना एक जाड पाकीट पावाच्या फडक्याखाली सरकवलं. "तुझी प्रुफं. मी ठेवत नाही कुणाची. सवडीने बघ."

१७ एप्रिल

लेम्पी कॉफीला आली. "कसली गं ती तुझी प्रकाशक! एवढी ढळढळीत चूक? मी असते तर दारात उभी केली नसती. आणि तू तिला नीसू खाऊ घालतेस!"

मी मान हलवली. होय, चूकच, म्हणाले.

पाकीट अजून फडक्याखालीच आहे.

१९ एप्रिल

उघडलं.

पान पाचवं. समासात हिरवी पेन्सिल — 'हेल्मी, आता ही ओळ ठेवायची? तू म्हणशील तसं. — व्ह.'

पानाच्या कोपऱ्यात माझी बरोबरची खूण. आणि ओळीखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, माझेच ठिपके. इतके दाबून दिलेले की पानाच्या मागून बोटाला लागतात.

व्हर्नाला फोन केला. "तुला माहीत होतं," म्हटलं.

"हो गं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याच्यासमोर तुला उघडी पाडू?"

आधी लेम्पीला सांगायचं. मग आर्विडला पत्र लिहायचं, आजच, टपाल जायच्या आत. प्रेसची काही चूक नव्हती. मला विचारलं होतं. मीच म्हटलं, राहू दे.