नवव्या पानावरची उडी

१४ जानेवारी

गेले एकदाची! वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच म्हातारे, आणि कॉम्प्युटर शिकवायला स्तोइमेन भावोजी — माझ्या नवऱ्याचे, वेल्कोचे, गालिच्यांच्या गिरणीतले दोस्त. टेबलावर कॉफीचे आठ कप. सुलटा म्हणजे एक, पालथा म्हणजे शून्य. "या आठ कपांत दोनशे पंचावन्नपर्यंत मोजता येतं," म्हणाले. मागून आमच्यातला ग्रोझ्दान — "आणि कॉफी कधी?" तो नुसता हीटरसाठी येतो.

मी कशासाठी येते ते कुणाला बोलले नाही. वेल्कोची वही वाचायचीय मला. त्याला जाऊन दीड वर्ष झालं.

२१ जानेवारी

'आणि', 'किंवा', 'नाही'. 'आणि'ला दोन्हींचा होकार लागतो, 'किंवा'ला एकाचाही चालतो. ग्रोझ्दान म्हणाला, "आमच्या घरी दोन्ही नाहीत. बायको म्हणेल तेच." हसून हसून पोट दुखलं. किती दिवसांनी.

२८ जानेवारी

आज वही उघडली. चौकटीची, पंच्याऐंशी सालची. गिरणीत एकच कॉम्प्युटर, त्यावर वेल्कोला आठवड्यातून एक तास. म्हणून सगळा प्रोग्रॅम आधी कागदावर — गालिच्याची नक्षी पडद्यावर उमटवणारा. तो सूचना लिहायचा. मी तक्त्यात बघून शेजारी त्यांचे आकडे लिहायचे आणि उड्या मोजायचे — कुठून कुठे जायचं, किती घरं. अर्थ कशाचाच कळत नव्हता. पण टायपिस्टची बोटं, मोजायला पक्की!

रविवारची सकाळ, ताटात चीज भरलेली गरम बानित्सा, वेल्कोची कोपरं सगळ्या टेबलभर. "मोज गं राइना, तुझी बोटं माझ्या डोक्यापेक्षा शहाणी आहेत." काय सुखाचे दिवस होते ते!

मग सोफियाहून प्रोग्रॅम बघायला समिती आली आणि तिच्यासमोर पडदा काळाठिक्कर. वेल्कोला लोकरीच्या गोदामात टाकलं, तिथेच निवृत्त झाला. "चूक माझीच," एवढंच म्हणाला घरी येऊन. आणि मी? "एवढं मोजून दिलं, तरी घातलासच ना घोळ!" म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

त्याची चूक शोधायची, दुरुस्त करायची, आणि ती नक्षी एकदा बघायची. बस.

७ फेब्रुवारी

माझा पहिला प्रोग्रॅम चालला! सात अधिक पाच — बारा. डोळ्यांत पाणी आलं. ग्रोझ्दानला वाटलं, उत्तर चुकलं.

१८ फेब्रुवारी

आज उड्या. भावोजी म्हणाले, "इथे सगळे आपटतात. उडी जिथे लिहिली तिथून नाही मोजायचं, तिच्या पुढच्या सूचनेपासून मोजायचं. यंत्र तोवर पुढे सरकलेलं असतं." हे मला ठाऊक होतं! वेल्कोने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. तेव्हा कारण विचारलं नव्हतं, आज कळलं.

२१ फेब्रुवारी

सकाळपासून वही घेऊन बसले. वेल्कोच्या सूचना एकेक वाचल्या. एकही चुकीची नाही. किती नीटस विचार करायचा माणूस! मग माझे आकडे तपासले. सव्वीस उड्या. पंचवीस बरोबर.

नवव्या पानावरची दोन घरांनी चुकलीय. उडीपासूनच मोजलीय. पानावर लाल डाग आहे — त्या रविवारी मिरच्या भाजत होते, ल्युतेनित्साच्या चटणीसाठी. मधेच उठून ढवळून आले असणार आणि परत बसल्यावर भलतीकडून मोजलं.

माझी चूक. चौतीस वर्षं त्याच्या नावावर.

आज जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी

गिरणी बंद पडली तेव्हा भावोजींनी तिथला जुना कॉम्प्युटर उचलून आणला होता. त्यावर सगळे आकडे टाकले, एक बदलून. दोन तास लागले. ग्रोझ्दान मोठ्याने वाचून दाखवत होता, एकदाही थट्टा केली नाही.

चालला. चौकोनात चौकोन, कडेला मेंढीची शिंगं, हळूहळू वरून खाली. आमच्या स्लिवेन गावचा गालिचा! वेल्कोने हा कधी पाहिलाच नाही.

मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं — चूक त्याची नव्हती, माझी होती. भावोजी चष्मा पुसत राहिले. "चांगलं शिकलीस, वहिनी," एवढंच.

२८ फेब्रुवारी

भावोजी घरापर्यंत सोडायला आले. फाटकाशी म्हणाले, "त्याला चूक त्याच आठवड्यात सापडली होती, वहिनी. मी म्हटलं, समितीला कळव, निदान बायकोला तरी सांग. तर म्हणाला, तिला सांगितलं तर ती पुन्हा माझ्या शेजारी मोजायला बसायची नाही."

नसतेच बसले.