हद्दीवरची खिडकी

९ जानेवारी

मागच्या जागेत आज चुन्याच्या रेघा मारल्या! सकाळी ह्यांचं तोंड पुसायला गेले तर खिडकीबाहेर दोन माणसं दोरी ताणून उभी. विचारलं तर म्हणे घराची आखणी. कसलं घर? ती जागा बागेसाठी राखून ठेवलेली आहे. आमची लेक शाळेत जायची तेव्हापासून तिथे तशी पाटी आहे. तर त्यातला एकजण म्हणाला, आजी, आरक्षण उठलं की. आजी म्हणाला मला!

१० जानेवारी

नगर नियोजनच्या कचेरीत जाऊन आले. खरंच आहे. नव्या आराखड्यात त्या जागेचा बागेचा हिरवा रंग काढून राहत्या घरांचा पिवळा लावलाय. जागा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची. इतक्या वर्षांत बाग काही झाली नाही, म्हणून त्यांची त्यांना मोकळी करून दिली. हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत लेखी द्या, असं कारकून म्हणाला, तेही मान वर न करता.

देणार. का नाही देणार? दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसाकाठी चार शब्द निघाले तरी डोक्यावरून पाणी. तेव्हापासून ती खिडकी म्हणजेच ह्यांचं जग. मागची खोली ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. गवंडी होते ना! पार कुंपणापर्यंत नेली. पलीकडे बागच होणार, वारा खेळता राहील, म्हणाले आणि भिंतभर खिडकी ठेवली. ह्यांचा पलंग मी मुद्दाम तिथे लावलाय. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, बायकांची ये-जा, मापं घेणं, कपडे घालून बघणं. तिथे आजारी माणसाने पडायचं तरी कसं? मागे शांत असतं. उजेड आहे, गवत आहे, पाखरं येतात.

आता काय, बेकरीवाल्याच्या भिंतीकडे बघत बसायचं?

१२ जानेवारी

अर्ज लिहिला. दोन पानं झाली. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. आमची खिडकी अगदी हद्दीच्या भिंतीत आहे, बाहेर आमची वीतभरही जागा नाही, तेव्हा समोर घर उठलं तर आजारी माणसाची खोली अंधारकोठडी होईल – ह्या वाक्याखाली तर दोनदा रेघ ओढली.

संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी तोंड दाराकडे फिरवलं. तशी ती सवय जुनीच आहे ह्यांची, पण आज वाचत असतानाच फिरवलं. बघवत नसणार त्या रेघांकडे. माझा तर नुसता तिळपापड झालाय.

१३ जानेवारी

अर्ज दिला. पोचेवर शिक्का घेतला. बरं वाटलं.

२१ जानेवारी

बेकरीवाले दारात आले होते. अंगावर पीठ, म्हणजे दुकानातून उठून थेट आलेले. मी आत या म्हटलं नाही. मशीन चालूच ठेवलं.

त्यांना कचेरीतून कळलं होतं. उभ्याउभ्याच बोलले. धाकटीच्या जन्माआधी ती जागा घेतली, लगेच त्या जागेवर बागेचं आरक्षण पडलं. ना बांधता येई ना विकता. भाड्याच्या घरात दिवस काढले. आता त्या धाकटीला स्थळं बघताहेत. हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, माझा माणूस आत पडून आहे, मला दुसऱ्या कुणाचं ऐकायला सवड नाही.

ते गेले. शिवण उसवून पुन्हा घालावी लागली.

६ फेब्रुवारी

सुनावणी झाली. लिहून काढते.

टेबलापलीकडे अधिकारी बाई, माझ्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. बाजूच्या खुर्चीत बेकरीवाले. बाईंनी माझा अर्ज सगळा वाचला, रेघ ओढलेल्या वाक्यावर थांबल्या. ही भिंत हद्दीवर आहे, असं तुम्हीच लिहिलंय ना? मी ठणकावून हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, सामासिक अंतर किती सोडलंय? मला तो शब्दच कळेना. घर आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, सोडलेलीच नाही, तेच तर सांगतेय! मग त्या अगदी हळू म्हणाल्या,

"काकू, ह्या खोलीची परवानगी आहे का तुमच्याकडे?"

परवानगी! मला कुठे ठाऊक असणार? घरातली बांधकामं ह्यांच्याकडे, शिवण माझ्याकडे, असाच आमचा संसार. आरक्षण नियमाप्रमाणेच उठलंय, त्यामुळे हरकत टिकत नाही, असं बाईंनी सांगितलं. आणि आता हे कागदावर आलंय, तेव्हा मोजणीला माणूस पाठवणं भाग आहे, तेही सांगितलं. बेकरीवाले खाली मान घालून बसले होते. हसले असते तर परवडलं असतं.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही दोनदा रेघ ओढून.

११ फेब्रुवारी

मोजणीवाला आला. एकटाच होता. फीत काढून म्हणाला, जरा टोक धरता का? धरलं. जन्मभर लोकांची मापं घेतली, आज माझ्या घराचं माप निघालं आणि फितीचं दुसरं टोक मीच धरून उभी. पलंगाला वळसा घालून फीत नेली. ह्यांनी त्याला डाव्या हाताने नमस्कार केला. तो ओशाळला बिचारा.

१९ फेब्रुवारी

नोटीस. मागची खोली अनधिकृत, महिन्याभरात पाडावी.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, त्यांचं थांबवायला गेलीस आणि आपलंच मोजायला बोलावलंस?" मी फोन ठेवला. पुन्हा आला, उचलला नाही.

२० फेब्रुवारी

रात्रभर विचार केला, ह्यांना सांगू की नको. पाडायला माणसं आल्यावर कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. पलंगाच्या कडेवर बसून सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, ही खोली बिनपरवान्याची आहे ते?

मान हलवली. हो. आणि हसले! अर्ध्याच तोंडाने, पण हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. मला आधी राग आला, मग मीही हसले, मग रडले. हे आपले सवयीने तोंड दाराकडे वळवून पडून राहिले.

खोली गेली तर ह्यांना ठेवू कुठे? हे एकच डोक्यात घण घालतंय.

२४ फेब्रुवारी

अधिकारी बाईंना भेटले. मनाने वाईट नाहीत. वाट सांगितली एक. मागच्या जागेच्या मालकाने लेखी संमती दिली तर दंड भरून खोली ठेवता येईल. पण हद्दीवरच्या भिंतीत खिडकी मात्र चालणार नाही, ती बुजवावी लागेल.

मागच्या जागेचा मालक म्हणजे कोण, ते वेगळं लिहायला नको.

२५ फेब्रुवारी

गेले नाही. जिवावर आलंय.

२७ फेब्रुवारी

गेले. दुकानात गर्दी होती. त्यांनी मला बघितलं, तरी आधी सगळी गिऱ्हाइकं उरकली. मी बिस्किटांच्या बरण्यांपाशी उभी. मग विचारलं, काय देऊ? मी कागद पुढे केला.

त्यांनी सावकाश वाचला. हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. सही केली. कागद परत देताना म्हणाले,

"वहिनी, अर्ज द्यायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत. माझी चारच खोल्यांची गरज. घर पुढे सरकवून तुमच्या खिडकीसमोर अंगण ठेवलं असतं. आता नकाशा मंजूर झाला, पाया खणायला घेतलाय."

पाव घेतला आणि आले. चुकलं माझं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तेवढंही तोंडातून निघालं नाही.

८ मार्च

खिडकी बुजवली.

ह्यांच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री आला होता. पैशाचं नाव काढू दिलं नाही. ह्यांनी खूण केली, मला बसवा. लोड लावून बसवलं. दोन थर झाले तसा ह्यांचा चेहरा बदलला, बोट उचललं. "ओळंबा," म्हणाले. स्पष्ट! मिस्त्रीने जीभ चावली, पिशवीतून ओळंबा काढून सोडला. वीट खरंच तिरकी होती. काढून पुन्हा बसवली.

शेवटची वीट ह्यांनी मागितली. मिस्त्रीने चुना-सिमेंट लावून डाव्या हातात दिली, आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून उभं केलं. ह्यांनी ती स्वतः सरकवली, मुठीने दोनदा ठोकली. आणि खोलीतला उजेड गेला.

मी पुढे जाऊन मशीनवर डोकं टेकलं. ह्यांनी बांधलेलं ह्यांच्याच हाताने बुजवलं, आणि ती वेळ मी आणली.

गिलावा ओला आहे, वास कोंडतोय. वाळेपर्यंत ह्यांचा पलंग पुढच्या खोलीत आणि मशीन मागे. मिस्त्रीने जाता जाता हलवून दिलं.

१० मार्च

दार उघडंच ठेवते, ह्यांना हवा लागते. सकाळी रस्त्याने चाललेला जुना रंगारी थांबला, आत येऊन अर्धा तास बसला. बायका माप द्यायला आल्या, काका, बरे दिसताय म्हणाल्या. ह्यांनी डावा हात वर केला. दुपारी बेकरीवाले पाव ठेवून गेले, आता पाया किती खोल घेऊ, असं ह्यांना विचारत उभे होते. ह्यांनी बोटांनी सांगितलं.

जेवणही आज जरा जास्त गेलं. हवा पालटल्यामुळे असेल.

१३ मार्च

गिलावा वाळला. म्हटलं, चला, मागे नेऊ पलंग. ह्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली. सोडवायला गेले तर सोडेनात. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले,

"मी – दाराकडेच – बघायचो. तू – विचारलंच – नाहीस."

मशीन मागेच राहील.