कोर्सला मान्यता मिळाली

तीर्थरूप आबांस,
तुम्हाला आणि आईला सारिकाचा नागपूरहून दंडवत.

मी मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? भाताच्या लावणीला माणसं मिळाली का?

आमच्या सार्वजनिक आरोग्याच्या कोर्सची मान्यता जाईल अशी धास्ती होती. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही. तपासणीला समिती आली तेव्हा जुने विद्यार्थी रजा काढून आले. अनिताताई तर तान्ही लेक घेऊन गडचिरोलीहून आली आणि तिनं आदिवासी पाड्यांवरचं तिचं आरोग्याचं काम असं सांगितलं, की सगळे ऐकतच राहिले.

मग समितीतल्या बाईंनी मला विचारलं, "तुझ्या शिक्षणानं गावात काय बदललं?"

मी सांगितलं, "डासांच्या अळ्या दिसल्या म्हणून मी घरातलं पिंप ओतलं. आबा म्हणाले, 'लय शानी झालीस व्हय?' आणि दुसऱ्या दिवशी ते राखण करतात त्या बंगल्यांच्या टाक्या स्वतःच घासून आले."

बाई मनापासून हसल्या.

काल मान्यता पुन्हा मिळाली. आता ही पदवी सगळीकडे चालेल. आईला सांगा, लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या नोकरीसाठी आजच अर्ज केलाय. मिळाली, तर मळवलीच्या आपल्या घरून रोज जाऊन येईन.

तुमची लेक,
सारिका