बोटीवरून आल्यावर

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४

आनंदीबाईंना सरोजिनीचा नमस्कार.

घरी सगळी मंडळी बरी असतील असं धरून चालते. इकडे यांचे गुडघे सोडले तर तब्येती ठीक आहेत. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि तो बदलून घ्यायला तुम्हाला सवड होत नाही, असं तुमची हेमा म्हणाली होती, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. आपल्या दोघींचे आजवर फोनच झाले, तेही सणावाराला. काल तुमचा फोन आला तेव्हा "प्रवासाचा शीण आहे, दुसरं काही नाही" असं म्हणून मी तो ठेवून दिला. श्याम समोर बसला होता.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. तुमच्या जयसिंगना वाचून दाखवायला सांगू नका. तुमचं वाचून झालं की मग त्यांना दिलंत तरी चालेल.

सहल कशी झाली असं तुम्ही विचारलंत. आधी तेच सांगते. यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून आमच्या श्यामने हा क्रूझचा बेत केला. मुंबईहून गोवा आणि परत मुंबई. बोट म्हणजे आमच्या सोसायटीच्या सगळ्या इमारती एकमेकींवर रचल्या तर होईल एवढी. आत नाटकगृह, दुकानं, पोहायचा तलाव. शाकाहारी जेवणाची रांग वेगळी होती आणि त्या रांगेत निम्मं पुणं उभं होतं. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ यांना भेटले, ते रोज समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि घरून आणलेलं जुनं वर्तमानपत्र वाचायचे. म्हणाले, "पाणी काय, सगळीकडे सारखंच." हे पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी हेही त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

आपल्या नातीला, मैनाला मात्र तलावातून बाहेर काढणं कठीण. बोटं सुरकुतली तरी निघायची नाही. हेमा काठावर बसून असायची. भर उन्हात, अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता. मी म्हटलं, "अगं, उकडत नाही का तुला?" तर म्हणाली, "ऊन बाधतं आई मला." मी बरं म्हटलं. तिच्या हातात मोबाईल कधी दिसला नाही, त्याचंही मला कौतुकच वाटलं. हल्लीच्या मुली फोटो काढण्यातच असतात, ही बघा, असं मी यांना म्हणालेसुद्धा.

अशी मी सहलीचंच लिहीत बसेन. पुढचं लिहिते.

शेवटच्या दिवशी बोटीवर एक पद्धत असते. मोठ्या बॅगा भरून संध्याकाळीच खोलीबाहेर ठेवायच्या. बोटीची माणसं त्या घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला धक्क्यावर उतरल्यावर आपल्याला मिळतात. आमची आणि श्याम-हेमाची खोली शेजारी शेजारी, मध्ये एक दार. मैनाचा पोहायचा ड्रेस आमच्या गॅलरीत वाळत टाकलेला होता. तो बॅगेत भरायचा राहू नये म्हणून मी घेऊन गेले. बाहेर अजून ऊन होतं. मधलं दार नुसतंच लोटलेलं होतं, ते मी ढकललं.

श्यामने हेमाचा हात पाठीमागे पिरगाळून धरला होता आणि तिचं तोंड कपाटाच्या दाराला लावलं होतं. तो काहीतरी बोलत होता, अगदी हळू. तो लहानपणापासून कधी आवाज चढवत नाही. नातेवाइकांत मी ते सांगत आले. त्याच हळू आवाजात तो म्हणत होता, "बूट कुठे आहेत म्हणून विचारलं मी. बूट कुठे आहेत?" त्याचे बूट तिने मोठ्या बॅगेत भरले होते आणि ती बॅग गेली होती. रात्रीच्या जेवणाला घालायला त्याला बूट हवे होते. एवढंच कारण होतं, आनंदीबाई. मी काही लपवत नाही. दुसरं कारण असतं तर तेही लिहिलं असतं.

मैना पलंगावर टीव्ही बघत होती. तिने वळूनही बघितलं नाही. हातातल्या रिमोटने तिने आवाज वाढवला, आणि थोडा आणखी वाढवला. आठ वर्षांची पोर. कधी काय करायचं ते तिला माहीत होतं.

श्यामने मला बघितलं आणि हात सोडला. म्हणाला, "आई, दार वाजवून येत जा."

मी ड्रेस पलंगावर ठेवला आणि परत आले. ओरडले नाही, हेमाला जवळ घेतलं नाही. आमच्या खोलीत येऊन यांच्या औषधांचा डबा लावत बसले. डोक्यात काहीच येत नव्हतं. त्यानंतर आम्ही सगळे जेवायला गेलो. श्यामच्या पायात चपला होत्या, कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. बोटीवरच्या फोटोग्राफरने आमचा सगळ्यांचा फोटो काढला. यांनी केक कापला. मीही खाल्ला, पण कसला होता ते विचारलंत तर सांगता येणार नाही.

सकाळी मुंबई दिसायला लागली तसे सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागले. नाश्त्याला ही गर्दी. श्याम आणि हे चहा आणायला रांगेत उभे होते. हेमा मला म्हणाली, "आई, जरा तुमचा फोन द्याल? माझा श्यामकडे असतो." "असतो" म्हणाली. मी दिला. तिने माझ्यासमोरच जयसिंगना लावला. "दादा, मला आणि मैनाला न्यायला ये. मुंबईला, बोटीच्या धक्क्यावर." पलीकडून ते विचारत होते, "काय झालं गं? भांडलात काय?" ती एवढंच म्हणाली, "तू ये." फोन मला परत देताना तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करते ते बघत असावी. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि मैनाच्या पावाला लोणी लावलं.

धक्क्यावर बॅगा मिळाल्या. श्यामने पुण्यासाठी गाडी सांगून ठेवली होती, ती आली. हेमा म्हणाली, "मी दादाबरोबर जाणार आहे." श्याम हसला. शेजारी ते सदाशिव पेठेतले गृहस्थ उभे होते, त्यांना म्हणाला, "पोहोचायच्या आधीच माहेर आठवलं." मग तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात, "गाडीत बस." मैनाने लगेच कानांवर हात ठेवले. तेव्हा मी बॅगेवर बसले. ठरवून नाही. बसल्यावर म्हणाले, "तुम्ही दोघं व्हा पुढे. मी हेमा-मैनाबरोबर थांबते."

"आई, इथे तमाशा नको."

"मी बसलेय फक्त," मी म्हटलं. "तमाशा कुठे दिसला तुला?"

लोक बघायला लागले होते. लोकांसमोर तो काही करत नाही, हे तेव्हा मला कळलं. यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगते." ते श्यामबरोबर गेले.

जयसिंग भले आहेत. सोमवारचा मार्केट यार्डातला फुलांचा माल दुसऱ्यावर सोपवून ते आले. आम्हा तिघींना गाडीत बसवलं, मला मागे पाय लांब करता येतील अशी जागा दिली. वाटेत म्हणाले, "मावशी, तुम्ही मोठ्या. तुम्हीच समजवा दोघांना. भांड्याला भांडं लागतंच. ऱ्हाऊ द्या आठ दिवस, मग मी स्वतः आणून सोडतो हिला." हेमाने डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती. मैना मांडीवर होती म्हणून मी गप्प बसले.

घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलो. हेमा तोंड धुवायला गेली, मी पाठोपाठ गेले. तोंड धुताना तिने बाह्या वर सारल्या होत्या. दंडांवर काळेनिळे वळ होते. काही ताजे. काही मात्र पिवळे पडलेले, ते बोटीवरचे असणं शक्य नाही. मी बघतेय हे तिने आरशात पाहिलं, पण बाह्या खाली केल्या नाहीत.

"कधीपासून?"

"मैना बालवाडीत होती तेव्हापासून."

मी विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे?"

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "आई म्हणाली, सरोजिनीताईंनी वाढवलेला माणूस, एवढा शिकलेला, तो असं कसं करंल? तुझंच काही चुकलं आसंल. दुसऱ्या दिवशी दादाने फ्लॅटवर सोडलं."

तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या वाघोलीच्या घरापासून त्यांचा फ्लॅट चालत जाण्याएवढा जवळ, आणि तरी तुम्हाला दिसलं नाही. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होते, मला दिसलं नाही. तो कुणाला दिसू देत नाही. पण तुम्ही माझ्या नावावर तिला परत पाठवलंत, ते मात्र मनातून जात नाही. त्या वाक्यातलं माझं नाव काढून टाका. मी वाढवलेला माणूस असं करतो. मी डोळ्यांनी बघितलंय.

परवा मी यांना सगळं सांगितलं. तेव्हापासून हे टीव्ही लावून बसतात, आवाज बंद करून. काल श्याम आला. जेवला. ताट स्वतः उचलून ठेवलं, तो नेहमीच ठेवतो. मग म्हणाला, "वाघोलीहून कुणी विचारलं तर सांग, बोटीवर सगळं छान झालं. रविवारी संध्याकाळी जाऊन घेऊन येतो दोघींना." तेवढ्यात तुमचाच फोन वाजला. तुम्ही म्हणालात, "ताई, पोरगी काय बोलत न्हाई, नुसती बसून हाय. रविवारी लावून देऊ का?" मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "थँक्यू, आई."

मला रडू येत नाही. मुंबईहून आल्यापासून वाट बघतेय. मी कपडे धुते, भाजी आणते, शेजारच्या बाई विचारतात कशी झाली ट्रिप, मी म्हणते छान. श्याम माझा मुलगा आहे. उद्या भुकेला दारात आला तर मी त्याला वाढणार, तेही तुम्हाला सांगून ठेवते. आईपण काही गळ्यातल्या माळेसारखं काढून ठेवता येत नाही, तुम्हीही आई आहात. पण हेमाला त्याच्याकडे पाठवू नका. आठ दिवसांनीही नको, त्याने पाया पडून माफी मागितली तरी नको. आणि तो मागेल, त्याला फार चांगलं बोलता येतं.

भावकीतले लोक म्हणतील, पोरगी घरी आणून बसवली. म्हणू द्या. पोलिसात सांगावं लागलं, कोर्टात लागलं, तर मी येऊन सांगेन. तुमच्या भावकीसमोर सांगायला बोलावलंत तर तिथेही येईन. तिच्या आईवर कुणी विश्वास ठेवणार नाही कदाचित, त्याच्या आईवर ठेवावा लागेल.

हेमाला यातलं काही वाचून दाखवू नका. फक्त तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा की तुम्हाला आता माहीत आहे. ती बोलेल. मैनाजवळ कुणी मोठ्याने किंवा अगदी हळू बोलू नका. साधं बोला.

हे पत्र कुरियरने पाठवतेय, उद्या मिळेल. रविवारी श्याम संध्याकाळी येणार आहे. मी सकाळीच येते. यांना तसं सांगितलं, तर यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "वाघोलीला रिक्षावाला मीटरने यायचा नाही. टॅक्सी सांगून ठेवतो." आणि थोड्या वेळाने, "दोघांसाठी."

माझ्यासाठी वेगळं काही करू नका, तुमच्यात जे असेल ते जेवेन. संध्याकाळी बेल वाजली की तुम्ही कुणी उठू नका. हेमाला आत बसवा. दार मी उघडेन.

मैनाची दुसरी आजी,
सरोजिनी