मास्तरांचं घड्याळ

प्रिय भिंगरी,

आता तू नातवंडांची आजी, पण मला दुसरं नाव सुचतच नाही. वर्गात कधी एका जागी टिकली होतीस का? मास्तर म्हणायचे, हिला खिळ्यानं ठोकलं तरी बाक घेऊन फिरेल. मी शाळेचा शिपाई, तुमचा घंटाकाका. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

रविवारी मास्तरांच्या ऐंशीचा सोहळा झाला. शाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हावी आला, डॉक्टरीण आली, आणि वर्षभर बाकावर उभा राहिलेला तो ठेकेदार खुर्च्या मांडायला सकाळपासून हजर. म्हणे, आज तरी बसून घेतो. मास्तर मात्र अवघडलेले. एका वक्त्यानं शाळेचं साल चुकीचं सांगितलं, ते त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, तेवढ्यापुरते खुलले. मग दोनदा मला जवळ बोलावून विचारलं, भिंगरी आली का हो? मी म्हटलं, गाडी चुकली असेल. आमंत्रणाला आलेलं तुझं उत्तर तेव्हा माझ्या खिशातच होतं. ज्यांच्या घड्याळानं माझं शिक्षण संपवलं त्यांच्या कौतुकाला मी येणार नाही, असं तू लिहिलं होतंस.

तुझा राग मला कळतो गं. शेवटचं गणित कोरं राहिलं, शिष्यवृत्ती दोन गुणांनी हुकली, आणि वडिलांनी तुला शिवणाच्या दुकानात बसवलं. मास्तर तीनदा समजवायला आले. तिसऱ्या वेळी वडिलांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तरी हा माणूस गावावर रुसला नाही. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचं पत्र वाचून दाखव, दोन भावांच्या मधल्या भिंतीचा तंटा मिटव, सगळं चालूच. तुझ्याच वडिलांचा दुकानाचा अर्ज पुढे त्यांनी लिहिला. वडील खाली मान घालून बसले होते, आणि मास्तर विचारत होते, लेक बरी आहे ना?

आता मन घट्ट करून लिहितो. परीक्षेच्या दिवशी शाळेचं घड्याळ बंद होतं. मास्तरांनी मनगटावरचं काढून मला दिलं. म्हणाले, काका, बरोबर अकराला पेपर संपल्याची घंटा द्या. मी मान डोलावली. पोरी, मला घड्याळ वाचताच येत नव्हतं. रोज व्हरांड्यातलं ऊन पायरीवर उतरलं की मी अकराची घंटा द्यायचो. पाच मिनिटं इकडेतिकडे कोण बघतो? पण नुकत्याच झालेल्या सुट्टीत व्हरांड्याचा पत्रा हातभर पुढे टाकला होता. सावली वाढली, ऊन लवकर उतरलं, मी टोल दिले. मास्तरांनी पेपर गोळा केले, पाकिटाला लाख लावली, आणि बाहेर येऊन माझ्या हातातलं घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं बाकी होती. मोहर फोडता येत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून ते सगळं समजले. पालकांना सांगितलं, माझं घड्याळ पुढे होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्यांनी मला पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे शिकवले. नंतर पोरांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून मी आपला आपण अक्षरांपर्यंत पोचलो. हे पत्र त्याच जोरावर.

मी कबूल करायला निघालो तेव्हा त्यांनी अडवलं. म्हणाले, तुमची नोकरी जाईल, घरात चार पोरं आहेत. मला फार तर चार दिवस बोलणी बसतील. त्यांचा हिशेब तेवढा एकदाच चुकला. आता मला कोण कामावरून काढणार? तरी रविवारी पुन्हा विचारलं, तिला सांगू का? तर म्हणाले, जुनं उकरू नका. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकत नाही. महिनाअखेरीस ते मुलाकडे जाताहेत, समुद्रापलीकडे, कायमचे. तुझा राग माझा आहे, तो मला दे. माझ्या दारात येऊन हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. पण आधी त्यांच्याकडे जा. सकाळी नऊनंतर ते अंगणात एकटेच असतात. डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडे बस.

तुझाच,
घंटाकाका